परवाना कोणाच्या हाती? : परदेशी रोजगाराच्या नियमांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी प्रस्तावना

परदेशी माणसाला कामावर ठेवण्याचे नियम प्रत्येक देश आपल्या गरजेप्रमाणे करतो आणि गरज फिरली की तेही फिरवतो. गेल्या पाच-सहा वर्षांत ही फिरवाफिरव फार दाट झाली. कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलण्याची मुभा कामगाराला दिली. जर्मनीने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये कुशल कामगारांसाठीचा कायदा सैल केला. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची आणि अपंगांची शुश्रूषा करणाऱ्यांना परदेशातून बोलवायला सुरुवात केली आणि जुलै २०२५ मध्ये तीच वाट नव्या भरतीसाठी बंद केली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला, की बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी व्हिसाच्या उमेदवारामागे मालकाने एक लाख डॉलर भरावेत. आपल्याकडेही त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून नवा 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट' लागू झाला आणि १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट इतिहासजमा झाला.

या बातम्या सुट्या सुट्या वाचल्या तर डोके भणाणते. एकत्र मांडल्या की त्यांतून एक अभ्यासक्षेत्र दिसू लागते. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र ही चारही शास्त्रे इथे एकमेकांच्या हद्दीत येतात आणि त्यांतले कोणतेही एक पुरे पडत नाही. या क्षेत्राची ओळख मराठीतून आणि शक्य तितकी आपल्या मातीवरून करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

यवतमाळला बसून हा विषय मांडणे कोणाला विचित्र वाटेल. समुद्र इथून लांब, मोठा विमानतळ गाठायचा तर नागपूर, आणि जिल्ह्याची ओळख कापसाची. पण या जिल्ह्यातून या विषयात शिरण्याच्या निदान तीन वाटा आहेत. पहिली इतिहासाची : परदेशातल्या भारतीयांचे खाते ज्यांच्याकडे होते ते लोकनायक बापूजी अणे वणीचे. दुसरी मजुरीची : इथल्या तांड्यांतून दर हंगामात ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांना बांधील मजुरी म्हणजे काय हे कोणत्याही पुस्तकाआधी कळते. तिसरी आजची : आयटीआयमध्ये वायरमन-फिटरचे आणि रुग्णालयांत नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या इथल्या मुलामुलींच्या मोबाइलवर जर्मनी, इस्रायल आणि आखाताच्या जाहिराती येऊन पोहोचल्या आहेत.

नियमाला विचारायचे तीन प्रश्न

रोजगार परवान्याचा कोणताही नियम हाती आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. आत कोणाला घेणार? आत आलेल्याने काम कोणाकडे करायचे? आणि ते काम सुटले तर त्याचे पुढे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत असते, म्हणून त्याची बातमी होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे पोटकलमांत दडलेली असतात, आणि कामगाराचे आयुष्य बहुधा तीच ठरवतात. परवाना कामगाराच्या नावाने असेल आणि तो घेऊन त्याला दुसऱ्या दारी जाता येत असेल, तर मालकाला पगार वेळेवर द्यावा लागतो. परवाना मालकाच्या अर्जाला चिकटलेला असेल, तर कामगाराची नोकरी जाते तेव्हा त्याचा त्या देशात राहण्याचा हक्कही जातो. मग तो थकलेला पगार मागायलाही कचरतो. नियम सैल झाला की कडक झाला, हे किती माणसे आत आली यावरून मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे. तो आधी या बांधिलकीवरून मोजावा, असे माझे म्हणणे आहे. पुढचा सारा आढावा त्याच दृष्टीने घेतला आहे.

तिकिटापासून परवान्यापर्यंत

आजच्या परवान्याचे पूर्वज शोधायचे तर मॉरिशसला जावे लागते. १८३४ पासून करारबद्ध भारतीय मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे आपले मराठीपण राखून आहेत. करार संपला की मजूर मोकळा व्हायला हवा होता. पण १८६७ च्या कायद्याने करार संपवलेल्या जुन्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पाडले. ते नसेल तर पोलीस त्याला भटक्या ठरवून पकडत. अडोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याच्या पुढाकाराने १८७१ मध्ये हजारो मजुरांनी या जाचाविरुद्ध अर्ज केला आणि पुढे शाही आयोगाला चौकशी करावी लागली. माणसाच्या हालचालीला फोटोच्या कागदाने बांधण्याचा प्रयोग असा दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे, आणि त्याविरुद्ध मजुरांनी केलेला अर्जही जवळपास तितकाच जुना.

पाठवणाऱ्या देशालाही दार लावता येते, हे भारतात नामदार गोखल्यांनी दाखवले. फेब्रुवारी १९१० मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला जाणारी करारबद्ध मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला. तो मान्य झाला आणि १९११ पासून ती भरती बंद पडली. ही पद्धत सर्वत्रच बंद करावी हा त्यांचा १९१२ चा ठराव फेटाळला गेला, पण पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, सरकारला तेच करावे लागले. १९२२ च्या एमिग्रेशन ॲक्टने पुढचे पाऊल टाकले : अकुशल मजुराने कोणत्या देशात जायचे हे भारत सरकार ठरवील, आणि मजुरांची विचारपूस करायला तिथे आपला प्रतिनिधी ठेवील.

या टप्प्यावर आपल्या जिल्ह्याचा माणूस या कथेत येतो. माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांचा जन्म १८८० चा, वणीचा. टिळकांचे अनुयायी, यवतमाळचे वकील, १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे नेते ही त्यांची ओळख इथे सर्वांना आहे. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले तेव्हा त्यांच्याकडे आले ते परदेशस्थ भारतीयांचे नवे खाते, ही गोष्ट मात्र फारशी आठवली जात नाही. खाते हाती आले तेव्हा सर्वांत ज्वलंत प्रश्न ब्रह्मदेशाचा होता. १९३७ मध्ये ब्रह्मदेश भारतापासून वेगळा काढला गेला आणि काल देशांतर्गत असलेले स्थलांतर आज परदेशी झाले. माणसे जागची हलली नव्हती, सीमा त्यांच्या अंगावरून गेली होती. १९४१ च्या मध्यात झालेल्या भारत-ब्रह्मदेश करारानुसार तिथे जाणाऱ्या भारतीयांना परवाना सक्तीचा झाला. एका वर्गाचा परवाना मुदतीविना राहून काम करू देणारा, दुसऱ्या वर्गाचा मुदतीचा, आणि मजुराच्या वाट्याला हा दुसरा. या कराराविरुद्ध भारतात मोठा रोष उसळला. पुढच्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि लाखो भारतीय पायी परतले, तेव्हा परवान्यांची ती सारी व्यवस्था कागदावरच राहिली.

गांधीजींच्या उपवासाच्या प्रश्नावर फेब्रुवारी १९४३ मध्ये अणे यांनी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे होते. सिलोनचा पेच अधिक गुंतागुंतीचा होता. तिथल्या सरकारने भारतीय रोजंदारांना कामावरून काढायला सुरुवात केली, म्हणून भारताने १९३९ मध्ये अकुशल मजुरांच्या जाण्यावर बंदी घातली. बंदी मजुरांच्या हक्कांसाठी होती; पण रजेवर गावी आलेल्या मळेमजुराची परतीची वाटही तिनेच अडवली आणि पुढे ती सैल करावी लागली. युद्धात रबराची मागणी वाढली तेव्हा सिलोनला मजूर हवे होते, आणि भारताला आधी तिथल्या भारतीयांच्या नागरिकत्वाचा निकाल हवा होता. तो निकाल लागला नाही. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरचे बहुसंख्य भारतीय तमिळ नागरिकत्वाविना राहिले आणि १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारात त्यांची दोन देशांत वाटणी झाली. पाहुणा कामगार आणि नागरिक यांच्यामधली पायरी वेळीच बांधली नाही तर काय होते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. अणे यांच्या सिलोनमधल्या कारकिर्दीवर मराठीत संशोधन करू इच्छिणाऱ्याने दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या परदेशस्थ भारतीय आणि राष्ट्रकुल संबंध खात्यांच्या फायलींपासून सुरुवात करावी.

दार लावल्याने काय होते

दुसऱ्या महायुद्धानंतरचे दोन प्रयोग या क्षेत्रात पुन्हा पुन्हा अभ्यासले जातात. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार केले. तुर्की कामगाराने दोन वर्षे काम करून परत जावे आणि त्याच्या जागी नवा यावा, अशी योजना होती. ती कारखानदारांनाच परवडेना, कारण शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनी घालवायचा कोणी? १९६४ मध्ये ती मुदत गळाली. तेलसंकटाच्या वर्षी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, भरतीच बंद झाली. हेतू होता परदेशी कामगारांची संख्या घटवण्याचा. झाले उलटे : एकदा घरी गेलो तर परत येता येणार नाही, हे कळल्यावर पुष्कळांनी परत जाणे टाळले आणि बायकामुलांना तिकडे बोलावून घेतले.

दुसरा प्रयोग अमेरिकेचा. मेक्सिकन शेतमजुरांना हंगामी परवान्यावर आणणारी ब्रासेरो योजना १९६४ अखेर बंद झाली, ती स्थानिक मजुरांची मजुरी वाढावी म्हणून. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस आणि हॅना पोस्टेल यांनी जुनी आकडेवारी खणून २०१८ मध्ये दाखवले, की मजुरी वाढल्याचे दिसत नाही. शेतमालकांनी यंत्रे आणली आणि जिथे यंत्र नव्हते तिथे पीक बदलले. दोन्ही गोष्टींतून नवख्या अभ्यासकाने एक धडा घ्यावा : नियमाचा उद्देश आणि नियमाचा परिणाम यांची नोंद दोन वेगळ्या रकान्यांत करायची, आणि दुसरा रकाना मोजल्याशिवाय भरायचा नाही.

उचल आणि कफाला

आखाती देशांतल्या मूळ कफाला पद्धतीत परदेशी कामगाराचा परवाना त्याच्या कफीलशी, म्हणजे प्रायोजक मालकाशी, बांधलेला असतो. मालकाच्या संमतीविना नोकरी बदलायची नाही, काही देशांत तर देश सोडायलाही त्याचीच परवानगी. पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस भागातल्या वाचकाला याचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादम हंगामाआधी उचल देतो. ती फिटेपर्यंत मुकादम बदलता येत नाही, मधेच घरी येता येत नाही, आणि फिटली की नाही याचा हिशेब मुकादमाच्याच वहीत. इथे बांधते ते कर्ज, तिथे बांधतो तो व्हिसा. आखाताला निघालेल्या माणसाने एजंटाचे पैसे व्याजाने काढले असतील तर दोन्ही गाठी त्याच्याच गळ्यात.

या गाठी सोडल्या तर काय होते? संयुक्त अरब अमिरातीने २०११ पासून करार संपलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या ना-हरकतीशिवाय नवी नोकरी धरण्याची मुभा दिली. सुरेश नायडू, याव न्यार्को आणि शिंग-यी वांग यांनी या बदलाचा पगारपत्रकांवरून अभ्यास केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीपासून तिथे असलेल्या कामगारांचे उत्पन्न दहा टक्क्यांहून अधिक वाढले. गंमत अशी, की मुभा मिळूनही आहे त्याच मालकाकडे टिकणाऱ्यांचे प्रमाण वाढले, कारण त्यांना राखायला मालकाने पगार वाढवला. मात्र नव्याने बोलावल्या जाणाऱ्यांची मागणी घटली आणि त्यांचा पगारही उतरला. मार्टिन रुस यांनी 'द प्राइस ऑफ राइट्स' या २०१३ च्या ग्रंथात हाच पेच सैद्धांतिक रूपात मांडला आहे : श्रीमंत देश कमी पगाराच्या कामगारांना जितके हक्क देतात तितकी त्यांची संख्या आखडती घेतात. मग पाठवणाऱ्या देशाने काय मागायचे, जास्त जागा की जास्त हक्क? या प्रश्नावर या क्षेत्रात एकमत नाही, आणि विद्यार्थ्याने ते आहे असे मानूनही चालू नये. २०२० च्या कतारच्या आणि २०२१ च्या सौदीच्या सुधारणांचे मोजमाप याच चौकटीत व्हायला हवे.

आपल्या घरच्या कायद्याकडेही त्याच नजरेने पाहावे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला परवाना आणि मजुराला पासबुक सक्तीचे केले. पण नावातच म्हटल्याप्रमाणे तो राज्य ओलांडणाऱ्यांपुरता होता. पुसदहून कर्नाटकात ऊस तोडायला गेलेली जोडी त्यात येऊ शके; तीच जोडी कोल्हापूरला गेली तर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांतल्या एकीत विलीन झाला. पूर्वी पाच स्थलांतरित मजूर असले की लागणारे नियम आता दहा असले तरच लागतात. उलट, ठेकेदाराविना स्वतःहून गेलेला मजूरही आता स्थलांतरिताच्या व्याख्येत बसतो. एक हात आखडला, दुसरा सैल झाला. याचा आपल्या तांड्यांवर काय परिणाम होतो, हा कोणीतरी हाती घ्यावा असा प्रश्न आहे.

एच-१बी : आकड्यामागचे पोटकलम

मराठी मध्यमवर्गाला सर्वांत परिचित परवाना अमेरिकेचा एच-१बी. १९९० च्या कायद्याने त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार ठेवली. संगणक क्षेत्राच्या भरभराटीत ती आधी १ लाख १५ हजार, मग २००१ ते २००३ या काळात १ लाख ९५ हजार झाली आणि २००४ मध्ये पुन्हा ६५ हजारांवर आली. त्यावर अमेरिकेत उच्च पदवी घेणाऱ्यांसाठी २० हजारांची भर पडली. चर्चा याच आकड्यांची होते. पण २००० सालच्या कायद्यातले एक कलम याहून मोलाचे ठरले : नव्या मालकाने अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता कामगार त्याच्याकडे रुजू होऊ शकतो. २०१७ मध्ये नोकरी सुटल्यावर नवी शोधायला ६० दिवसांपर्यंत सवलत मिळाली. आणि कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांवर जाऊ न देणाऱ्या अटीमुळे भारतीयांची रांग इतकी लांबली, की दिलेली मोकळीक पुष्कळांच्या बाबतीत पुन्हा आवळली गेली. रांगेतली जागा जाईल या धास्तीने माणूस नोकरी बदलायला बिचकतो.

परवाना नवऱ्याला आणि आश्रिताचा व्हिसा बायकोला, ही स्थिती मराठी घरांनीही अनुभवली. इंजिनियर, डॉक्टर झालेल्या स्त्रिया वर्षानुवर्षे घरी बसल्या. मे २०१५ पासून त्यांतल्या काहींना, नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचला असेल तरच, कामाचा परवाना मिळू लागला. परवान्याचा नियम घरातल्या सत्तेचाही नियम असतो, हे स्त्री-अभ्यासकांनी या क्षेत्राला शिकवले.

जर्मनीची हाक आणि दोन वर्षांची अट

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी सामंजस्य करार केला. रुग्णसेवा, वीजकाम, नळकाम, वाहनचालन, हॉटेल अशा व्यवसायांतली दहा हजार कुशल माणसे पहिल्या टप्प्यात पाठवायची आणि त्यांना जर्मन भाषा शिकवायची, अशी ती कल्पना. तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी तिचा पुष्कळ प्रचार केला.

अशा वेळी अभ्यासकाने जाहिरातीशेजारी कायदा ठेवून वाचावा. जर्मनीत परक्या पदवीला तिथल्या पात्रतेची मान्यता मिळवणे ही खरी चाळणी असते. मार्च २०२४ पासून तिथे एक नवी सोय झाली : मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच येऊन काम सुरू करता येते, पण त्यासाठी मायदेशी शासनमान्य असे किमान दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण हवे आणि जर्मन भाषेचा ए-२ स्तर हवा. आता आपल्या आयटीआयचे वेळापत्रक पाहा. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, प्लंबर आणि वेल्डर एक वर्षाचे. एकाच इमारतीत शिकणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाला ही वाट खुली आणि दुसऱ्याला बंद. कारण स्टुटगार्टला कोणी त्यांचे कसब तपासले म्हणून नव्हे, अभ्यासक्रमाची लांबी कमी पडली म्हणून. परदेशातला नियम आपल्या शिक्षणव्यवस्थेत कुठे येऊन अडतो, ते असे कळते. पुढचा प्रश्नही विचारायला हवा : भाषा शिकण्यात गेलेल्या महिन्यांचा खर्च कोणी सोसला, आणि करार मोडला तर तो परत मागितला जातो का? उचलीचा प्रश्न इथे नव्या कपड्यांत उभा राहू शकतो.

आपले दार

या क्षेत्रातला विद्यार्थी बहुधा पाठवणाऱ्याच्या बाजूने विचार करतो. भारताच्या त्या बाजूचा कायदा म्हणजे १९८३ चा एमिग्रेशन ॲक्ट. दहावी न झालेल्या माणसाला आखातासह ठरावीक देशांत कामाला जायचे तर संरक्षक अधिकाऱ्याची मंजुरी लागते, भरती करणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याच्या शुल्काला मर्यादा असते. संरक्षणाच्या याच हेतूने तीस वर्षांखालील स्त्रियांवर वयाची अट आली. तिने किती जणी सुरक्षित राहिल्या आणि किती जणी आडवाटेने गेल्या, हा वादाचा मुद्दा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये भारताने आखातासाठीचे किमान संदर्भ वेतन उतरवले. शेजारच्या तेलंगणातून या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २०२१ मध्ये जुने दर परत आले. पैनगंगेपलीकडे स्थलांतरितांची संघटित बाजू आहे; नदीच्या अलीकडे ती का उभी राहिली नाही, याचा तुलनात्मक अभ्यास व्हावा. १९८३ च्या कायद्याच्या जागी येऊ घातलेल्या नव्या विधेयकाचा मसुदा केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये सूचनांसाठी खुला केला होता. तोही मुळापासून वाचण्यासारखा आहे.

पण भारत हा बोलावणारा देशही आहे. इथे वेगळे वर्क परमिट नाही. रोजगार व्हिसा हाच परवाना. जिथे भारतीय माणूस सहज मिळतो किंवा काम साधे कारकुनी आहे तिथे तो देऊ नये, आणि पगार वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये असावा, अशी अट घातली गेली; त्यातून परदेशी पाककृतींचे आचारी आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक वगळले. २००९ मध्ये व्यवसाय व्हिसावर येऊन प्रकल्पांवर काम करणाऱ्या हजारो चिनी कामगारांना सरकारने परत जायला लावले. जिल्ह्यात परदेशी माणसाची नोंदणी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात होते. रात्री शिटी वाजवत फिरणारा नेपाळी पहारेकरी मात्र १९५० च्या मैत्री करारामुळे परवान्याविना इथे काम करतो. आणि आपल्या तीन प्रश्नांतला दुसरा भारताला विचारला तर उत्तर अवघड येते : रोजगार व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला, मूळ कंपनी आणि उपकंपनी असे मोजके अपवाद सोडले, तर इथे राहून मालक बदलता येत नाही. आखाताकडून आपण जी मुभा मागतो ती आपल्या दारात देत नाही, हे लक्षात ठेवून बोलले तर आपल्या बोलण्याला वजन येईल.

कामाला लागताना

या क्षेत्रात येणाऱ्यांना काही सवयी सुरुवातीलाच लावून घ्याव्या लागतील. नियम मुळातून वाचायचा आणि वाचल्याची तारीख टिपून ठेवायची, कारण सहा महिन्यांपूर्वीचे पान आज खोटे असू शकते. कायदा, त्याखालची नियमावली आणि कार्यालयातला प्रत्यक्ष व्यवहार यांत फरक करायचा. नव्या अर्जदारांना लागू असलेला बदल आणि आत असलेल्यांना लागू असलेला बदल वेगळे ठेवायचे. एक लाख डॉलरच्या आदेशावरून झालेल्या घबराटीत हाच फरक पहिले काही दिवस हरवला होता.

मुलाखती घेताना जपून राहावे. ज्याचा परवाना मालकाच्या हाती आहे त्याचे नाव छापणे म्हणजे त्याची रोजीरोटी धोक्यात घालणे. परतून आलेल्यांशी बोलावे, जाता जाता राहिलेल्यांशीही बोलावे. यशस्वी झालेल्यांच्याच कथा गोळा केल्या तर हाती एजंटाची जाहिरात लागते. केरळात तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून ठरावीक वर्षांनी घरोघर जाऊन स्थलांतराची पाहणी केली आणि त्या राज्याचे धोरण तिच्या आधाराने घडले. एका जिल्ह्यापुरती अशी पाहणी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना झेपणारी आहे. सोळा तालुक्यांतून प्रत्येकी काही गावे निवडावीत. घरातले कोण कुठे गेले, कोणाच्या मध्यस्थीने, किती पैसे भरून, कोणत्या कागदावर, आणि काम सुटले तेव्हा काय झाले, एवढे विचारावे. त्यात ऊसतोडीला गेलेले आणि दुबईला गेलेले एकाच प्रश्नावलीत यावेत, कारण दोघांना बांधणारी गोष्ट एकच आहे की वेगळी, हे त्यातूनच ठरेल.

कायद्याचा विद्यार्थी पोटकलमे वाचील, अर्थशास्त्राचा पगार मोजील, इतिहासाचा फायली उघडील, आणि तांड्यातून शिकायला आलेली मुलगी ज्या प्रश्नाला या तिघांना शब्द सापडत नाहीत तो विचारील. या चौघांनाही या क्षेत्रात जागा आहे आणि काम पुष्कळ पडले आहे. पहिल्या वर्षी एकच नियम घ्यावा, आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या माणसाला लागू असलेला, आणि तो बदलल्याने त्याच्या हातात काय आले आणि काय गेले, याचा पुराव्यानिशी हिशेब मांडावा. तेवढे नीट जमले की पुढचे आपोआप उलगडत जाते.